दारावरची पाटी आणि डोक्यावरची खूण



या वेळी आम्ही तुम्हाला इंग्रजी व्याकरणाचा धडा देणार आहोत, असं म्हटलं तर निम्मे वाचक लगेच पान उलटतील, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जरा थांबा. हा धडा आम्हीही काही हौसेने शिकलो नाही. आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने तो आम्हाला दुबईत, घराच्या दारासमोर उभं करून शिकवला. आणि त्याआधी आमच्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून तो लिहून काढणं आम्हाला भाग आहे. आजी-आजोबांनी तो नातवंडांजवळ बसून वाचावा, आणि मुलांनो, तुम्ही तो आजी-आजोबांना वाचून दाखवा.

पाटीची गोष्ट

आमचा लेक २०२१ साली नोकरीनिमित्त बायको-मुलासह दुबईला गेला. १५ सप्टेंबर २०२० रोजी इस्राएल आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात करार झाला नसता, तर आमच्यासारख्यांनी तिथं पाऊल टाकण्याचा विचारसुद्धा केला नसता. २०२३ च्या मार्च महिन्यात, पेसाहच्या आधी, आम्ही उभयतां त्याच्याकडे जाऊन आलो.

लेकाच्या नव्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? काय द्यावं याचा बराच खल झाला. शेवटी ठरलं की दारावर लावायला एक छान पितळी पाटी करून द्यायची. दुबईत पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही एक दुकान शोधून काढलं. कारागीर केरळचा होता, मोडकं हिंदी बोलत होता. त्याने कागद-पेन्सिल पुढे केली. म्हणाला, "आप लिखके दो, जैसा लिखेगा वैसाच निकलेगा."

आम्ही मोठ्या झोकात लिहून दिलं. आमचं आडनाव समजा पेणकर. तर आधी ‘द’, मग पेणकर, मग अक्षराच्या वर टांगलेला तो छोटासा स्वल्पविराम, ज्याला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात, आणि शेवटी एस. आपल्या अक्षरांत लिहायचं तर ‘द पेणकर’स’. अशा पाट्या आम्ही जन्मभर पाहत आलो होतो. अर्थ काय, तर ‘इथे पेणकर मंडळी राहतात’.

पाटी दारावर चढली. संध्याकाळी नातू शाळेतून आला, पाठीवरचं दप्तरही न उतरवता पाटीकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, हे राँग आहे."

आता खरं सांगायचं तर आम्हाला रागच आला. "अरे, तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून आम्ही इंग्रजी पेपर वाचतोय. तू आम्हाला शिकवणार होय?" आवाज जरा जास्तच चढला. पोरगं काही बोललं नाही. आत गेलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मग सूनबाईंनी सांगितलं. महिन्यापूर्वी शाळेच्या परीक्षेत याच खुणेपायी त्याचे मार्क गेले होते. इस्राएलमध्ये तो हिब्रू शिकलेला, इंग्रजी दुबईला आल्यावरच नेटाने शिकायला लागला. मार्क गेल्यावर त्याने हट्टाने तेवढा एक नियम घोटून घोटून पाठ केला होता. आणि आता तो बरोबर असताना त्याच्याच आजोबांनी त्याला गप्प केलं होतं.

रात्री लेकाने व्याकरणाचं पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलं. नातू शंभर टक्के बरोबर होता. सकाळी आम्ही त्याची माफी मागितली. मोठ्या माणसांनी लहानांची माफी मागायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही, पण मागितली. म्हटलं, "आजपासून तू मास्तर आणि आम्ही तुझे विद्यार्थी." त्याने अट घातली की त्याच्या बदल्यात आम्ही त्याला मराठी शिकवायचं. कारण त्याचीही एक अडचण होती. तो ‘आजीचा काठी’ आणि ‘आजोबाचं चष्मा’ म्हणायचा, आणि मुंबईची भावंडं त्याला फोनवर हसायची.

असा आमचा वर्ग भरू लागला. त्यात जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो.

आधी मोजा: एक की अनेक?

इंग्रजीत एकाचे अनेक करायला बहुतेक वेळा शेवटी एस लावतात. बुक-बुक्स, पेन-पेन्स, कार-कार्स. तिथे कोणतीही खूण लागत नाही. हे पहिलं सूत्र भिंतीवर लिहून ठेवा: नुसते ‘अनेक’ असतील तर खूण नाही.

ज्या शब्दाचा शेवट सुस्कारल्यासारखा होतो, म्हणजे बस, बॉक्स, डिश, वॉच, त्याला नुसता एस लावला तर उच्चारताच येत नाही. म्हणून तिथे ई-एस लावतात: बसेस, बॉक्सेस, डिशेस, वॉचेस. शेवटी वाय असेल आणि त्याच्याआधी व्यंजन असेल, तर वाय जाऊन आय-ई-एस येतं: सिटी-सिटीज, बेबी-बेबीज. पण वायच्या आधी स्वर असेल तर वाय जागचा हलत नाही: बॉय-बॉइज, की-कीज. नाइफचं नाइव्ह्ज होतं, लीफचं लीव्ह्ज होतं, पण रूफचं रूफ्सच राहतं. पोटॅटो आणि टोमॅटो यांना ई-एस लागतं, फोटो आणि पियानो यांना नुसता एस. हे नियम थोडे लहरी आहेत, पण आपण तक्रार करण्यात अर्थ नाही. आपल्या मराठीत बघा: मुलगा-मुलगे, मुलगी-मुली, मूल-मुले, वाट-वाटा, भिंत-भिंती, आणि लाडू मात्र एक असो की दहा, लाडूच! नातवाला हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

काही इंग्रजी शब्द जुन्या वळणाचे आहेत. मॅन-मेन, वुमन-विमेन, फुट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस, माउस-माइस. शीप आणि डिअर एक असो वा शंभर, तेच राहतात. इथे मुलांसाठी एक गंमत. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा शब्द आपल्या मराठी ‘मुंगूस’वरून गेला आहे. गूसचं गीस होतं, म्हणून मंगूसचं मंगीस होईल असं वाटेल. पण तसं होत नाही. तो आपला कोकणातला पाहुणा आहे, त्याचं साधं मंगूसेस होतं.

चाइल्डचं चिल्ड्रन होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या शब्दावर अनेकवचन दोनदा चढलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. फार पूर्वी त्याचं अनेकवचन ‘चिल्डर’ अशासारखं होतं. पुढे लोकांना ते पुरेसं वाटेना, म्हणून त्यावर आणखी ‘एन’ चढवलं. आणि आपली मंडळी ‘चिल्ड्रन्स आले का?’ असं विचारून त्यावर तिसरं चढवतात! तसंच ‘लेडीज’चं. मुंबईच्या लोकलमध्ये लेडीज डबा असायचा, त्यामुळे आपल्या तोंडी तो शब्द असा बसला की ‘एक लेडीज उभी होती’ असं आपण सर्रास म्हणतो. एक असेल तर लेडी, अनेक असतील तर लेडीज. दुबईच्या मेट्रोत बायकामुलांसाठी वेगळा भाग राखून ठेवलेला असतो. तिथली इंग्रजी पाटी वाचताना नातवाने आम्हाला दाखवलं की त्यावरचे दोन्ही शब्द, विमेन आणि चिल्ड्रन, एसशिवायचे अनेकवचन आहेत.

काही शब्दांना तर अनेकवचन नसतंच. लगेज, फर्निचर, इन्फर्मेशन. विमानतळावर ‘आमचे टू लगेजेस’ म्हणू नये, ‘टू बॅग्ज’ म्हणावं. आणि डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच ‘हेअर’. आमचे तर आता मोजण्याइतकेच उरलेत, तरी हेअरच.

एक फिल्स, शंभर फिल्स

अमिरातीच्या नाण्यांनी आम्हाला एक चांगला चकवा दिला. एका दिरहमचे शंभर फिल्स होतात. फिल्सच्या शेवटी एस ऐकू येतो, म्हणून आम्ही समजलो की एक असेल तर ‘फिल’ आणि अनेक असतील तर ‘फिल्स’. दुकानात तसं बोललोही. पण फिल्स हा अरबी शब्द आहे आणि तो एस त्याच्या अंगचाच आहे. एक नाणं असलं तरी फिल्स. अरबीत त्याचं अनेकवचन ‘फुलूस’ होतं, आणि बोलण्यात फुलूस म्हणजे पैसा. म्हणजे शेवटी एस दिसला की ते अनेकवचन, असं डोळे मिटून मानू नये.

देशाच्या नावाचंही असंच पाहण्यासारखं आहे. अरबीत एक ती इमारा, अनेक त्या इमारात. इंग्रजीने तिथे एस लावून ‘एमिरेट्स’ केलं, आपण मराठीत ‘अमिराती’ म्हणतो. २ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिराती एकत्र आल्या आणि १० फेब्रुवारी १९७२ रोजी रास अल खैमा ही सातवी सामील झाली. नाव अनेकवचनी, पण देश एक. म्हणून इंग्रजीत त्याच्यापुढे ‘आर’ नव्हे, ‘इज’ येतं. आणि मुलांनो, आपल्या मराठीतली राहण्याची ‘इमारत’ हीसुद्धा अरबीतूनच आली, पण ती वेगळ्या मुळाची. दोघींची गल्लत करू नका.

मग विचारा: कुणाचं?

आता त्या टांगत्या खुणेकडे वळू. मालकी दाखवायची असेल तेव्हा इंग्रजीत नावापुढे खूण आणि एस येतो. ‘डेव्हिड’स बुक’ म्हणजे डेव्हिडचं पुस्तक. आमची सगळी गफलत इथेच झाली होती. अनेकवचनाचा एस आणि मालकीचा एस कानाला अगदी सारखे ऐकू येतात. कान फरक सांगूच शकत नाही. तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो.

ही खूण आली कुठून? जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांना मालकी दाखवायला ‘ई-एस’ लागत असे. काळाच्या ओघात त्यातला ई गळून गेला आणि त्याच्या जागी ही खूण बसली. म्हणजे ती खूण ही एका गेलेल्या अक्षराची आठवण आहे, असं समजा. ‘डोन्ट’, ‘आय’म’ यांमध्येही ती गळलेल्या अक्षराच्याच जागी बसते.

मराठी माणसाला एक सोपी कसोटी आहे. वाक्य मनातल्या मनात मराठीत आणा. त्यात चा, ची, चे, च्या आलं तर खुणेचा विचार करा. नाही आलं, तर खूण देऊ नका. ‘दोन भाऊ आले’ यात चा-ची-चे नाही, म्हणून ‘टू ब्रदर्स’ला खूण नाही. ‘भावाचा सदरा’ यात चा आहे, म्हणून ‘ब्रदर’स शर्ट’. आमच्या पाटीवर ‘पेणकर मंडळी’ म्हणायचं होतं. त्यात चा कुठे आहे? मग खूण कशाला? त्या पाटीचा अर्थ ‘त्या एका पेणकरचा’ एवढाच होत होता. पेणकरचा काय? ते कुठेच नव्हतं.

खुद्द इंग्लंडमध्येही हीच चूक इतकी होते की तिला त्यांनी भाजीवाल्याचं नाव देऊन टाकलं आहे. भाजीवाले टोमॅटोच्या भावाच्या पाटीवर उगाच ती खूण मारतात म्हणून. हे वाचून आम्हाला जरा धीर आला.

मालक एक की अनेक?

मालक एक असेल तर खूण एसच्या आधी: ‘बॉय’स रूम’ म्हणजे मुलाची खोली. मालक अनेक असतील तर आधी त्यांचं अनेकवचन पुरं लिहा, मग खूण द्या: ‘बॉइज’ रूम’ म्हणजे मुलांची खोली. अनेकवचनाच्या शेवटी एस नसेल तर खूण आणि एस दोन्ही द्या: चिल्ड्रन’स, विमेन’स, मेन’स. नातवाच्या भाषेत सांगायचं तर, "आधी सगळ्या मालकांना रांगेत उभं करायचं, मग शेवटच्याच्या मागे खूण."

हे ऐकताना आमच्या एकदम लक्षात आलं की मराठीतही हुबेहूब हेच आहे! ‘मुलाची खोली’ आणि ‘मुलांची खोली’ यांत फरक काय? डोक्यावरचं एक टिंब. टिंब नसेल तर एक मुलगा, टिंब असेल तर अनेक. १९६२ साली मराठीच्या लेखनाचे नवे नियम झाले तेव्हा न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले गेले. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ते जुने नाकातले अनुस्वार आठवत असतील. पण हे अनेकवचनाचं टिंब मात्र नियमाने राखून ठेवलं. कारण ते काढलं तर घराघरांत भांडणं लागतील. ‘भावाची जमीन’ आणि ‘भावांची जमीन’ यांत केवढा फरक आहे, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग आम्ही नातवाला सांगितलं, "तुझ्या इंग्रजीला डोक्यावर खूण, आमच्या मराठीला डोक्यावर टिंब." त्या दिवसापासून तो टिंब कधी विसरला नाही.

आजोबांचा चष्मा

पण लगेच एक पेच उभा राहिला. आम्ही त्याला ‘आजोबांचा चष्मा’ असं लिहायला लावलं. तो म्हणाला, "टिंब आहे, म्हणजे आजोबा दोन?" घरात तर आजोबा एकच! मग त्याला समजावलं की मराठीत मान द्यायचा असेल तर एकालाही अनेकवचन लावतात. आजोबांचा चष्मा, बाईंची पर्स, सरांची सही. इथलं टिंब मोजणीचं नाही, मानाचं आहे. इंग्रजीत असा मान नाही. त्यामुळे आपली मुलं ‘बाईंची पर्स’ याचं इंग्रजी करताना टिंब बघून खूण एसच्या मागे टाकतात आणि एका बाईंच्या चार बाई होतात. म्हणून इंग्रजी करताना माणसं मोजा, मान मोजू नका. बाई एक, तर ‘टीचर’स’.

आणि आणखी एक. मराठीत मालकीचा प्रत्यय पुढच्या वस्तूकडे बघून बदलतो. काठी ती, म्हणून आजीची काठी. चष्मा तो, म्हणून आजीचा चष्मा. घर ते, म्हणून आजीचं घर. मालकीण एकच, पण वस्तू बदलली की चा-ची-चे बदलतं. इंग्रजीला ही फिकीर नाही, काहीही असो, ‘ग्रँडमदर’स’ एकच. नातू म्हणाला, "म्हणजे मराठीत आजी नाही, वस्तू बॉस आहे." आम्ही म्हटलं, अगदी बरोबर.

आईचा दिवस

अरब देशांत आईचा दिवस २१ मार्चला असतो. आम्ही तिथेच होतो. नातू भेटकार्ड रंगवत बसला होता, आणि खूण कुठे द्यायची यावर त्याचं आणि आमचं पुन्हा जुंपलं. आम्ही म्हणालो, हा दिवस जगातल्या सगळ्या आयांचा, म्हणून खूण एसच्या मागे. तो म्हणाला, नाही, आधी. या वेळी आम्ही रागावलो नाही, शोधून पाहिलं. अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्व्हिस यांचा आग्रहच होता की खूण एसच्या आधी हवी. सगळ्या आयांचा एक मोठा समारंभ त्यांना नको होता, प्रत्येक घराने आपापल्या एका आईची आठवण ठेवावी, असं त्यांना वाटे. १९१४ साली तो अमेरिकेत राष्ट्रीय दिवस झाला तोही त्याच रूपात. एका खुणेत केवढा विचार! नातू पुन्हा जिंकला. सूनबाईंना कार्ड मिळालं आणि आम्हाला चहा.

जिथे कसोटी फसते

आता चा-ची-चेची कसोटी जिथे फसते त्या जागाही सांगून ठेवतो.

पहिली जागा ‘इट्स’. ‘त्याचं शेपूट’ म्हणताना मराठीत चं आहे, पण इंग्रजीत ‘इट्स’ला खूण नाही. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स यांनाही नाही. खूण असलेलं ‘इट’स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’.

दुसरी जागा निर्जीव वस्तूंची. ‘शाळेचं दप्तर’ याचं इंग्रजी नुसतं ‘स्कूल बॅग’. ‘खिडकीची काच’ म्हणजे ‘विंडो ग्लास’. तिथे दोन शब्द शेजारी ठेवले की काम होतं. मात्र काळ मोजताना खूण परत येते: ‘तीन आठवड्यांची सुट्टी’ म्हणजे ‘थ्री वीक्स’ हॉलिडे’.

तिसरी जागा दुकानांची आणि गावांची नावं. लंडनला अर्ल’स कोर्ट स्टेशनच्या नावात खूण आहे आणि शेजारच्या बॅरन्स कोर्टच्या नावात नाही! वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानांनी २०१२ साली आपल्या नावातली खूण काढून टाकली. उलट मुलांच्या लाडक्या लीव्हाय’स जीन्समध्ये ती अजून आहे, कारण ती खरोखरच ‘लीव्हायची’ पँट. बव्हेरियातून अमेरिकेत गेलेला लीव्हाय स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस या दोघांनी, दोघेही आपल्याच धर्माचे, १८७३ साली तांब्याच्या रिव्हेट मारलेल्या पँटचं पेटंट घेतलं. नावाच्या बाबतीत ज्याचं त्याने जसं ठेवलं तसंच लिहावं.

मोझेस आणि बेने

त्याच मुक्कामात आम्ही अबू धाबीला सादियात बेटावर गेलो. तिथे अब्राहमिक फॅमिली हाउस नावाच्या जागेत एक मशीद, एक चर्च आणि एक सिनेगॉग अशी तीन प्रार्थनास्थळं उभारली आहेत. १ मार्च २०२३ पासून ती लोकांसाठी खुली झाली. चर्चला सेंट फ्रान्सिस यांचं नाव आहे आणि सिनेगॉगला मोझेस बेन मैमोन यांचं, ज्यांना आपण रामबाम म्हणतो. नातवाने विचारलं, "मोझेसच्या शेवटी आधीच एस आहे. मग खूण कुठे?"

हा प्रश्न आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्यात मोझेस, एलायस ही नावं घरोघरी आहेत, आणि कित्येकांची ती आडनावंच झाली आहेत. उत्तर असं की दोन्ही रीती चालतात: नुसती शेवटी खूण दिली तरी चालते, किंवा खूण देऊन आणखी एक एस लावला तरी चालतो. एक रीत धरली की तीच शेवटपर्यंत पाळावी. मराठीत आपण सरळ ‘मोझेसचा’ म्हणतो आणि मोकळे होतो. आणि मोझेस कुटुंबातली सगळी मंडळी जेवायला आली तर ते ‘द मोझेसेस’.

मग नातू त्या नावातल्या ‘बेन’पाशी थांबला. इथे तो आमच्यापेक्षा हुशार, कारण हिब्रू त्याची शाळेची भाषा. त्याने बोटांवर सांगितलं: बेन म्हणजे मुलगा. बानीम म्हणजे मुलगे. आणि कुणाचे तरी मुलगे म्हणायचं असेल तर शेवटचा म जातो आणि होतं ब्ने, म्हणजेच आपलं ‘बेने’. ना चा-ची-चे, ना खूण. दोन शब्द शेजारी ठेवले की मालकी झाली. अरबीतही तसंच. अबू धाबी म्हणजे हरणाचा बाप, रास अल खैमा म्हणजे तंबूचं टोक.

म्हणजे पाहा, ‘बेने इस्राएल’ या दोन शब्दांत अनेकवचनही आहे आणि मालकीही आहे. इस्राएलची मुलं. जुन्या इंग्रजी लिखाणात काही ठिकाणी आपल्या लोकांना शेवटी एस लावून ‘बेने इस्राएल्स’ म्हटलेलं आढळतं. ते चुकीचं, कारण बेने आधीच अनेक आहेत. आणि आपली आडनावं? पेणकर म्हणजे पेणचा, रोहेकर म्हणजे रोह्याचा, नवगावकर म्हणजे नवगावचा. गाव सुटून पिढ्या लोटल्या, कुणी मुंबईला गेलं, कुणी इस्राएलला, कुणी आता दुबईला. पण त्या ‘कर’ने अजून आपल्याला गावाशी बांधून ठेवलं आहे.

पाटी पुन्हा एकदा

निघायच्या चार दिवस आधी आम्ही ती पितळी पाटी उतरवली आणि नातवाला बरोबर घेऊन कारागिराकडे गेलो. नवी पाटी करायला तो तयार होता, पण मग म्हणाला, पितळ चांगलं आहे, पाठची बाजू कोरी आहे, तीच वापरू. भोकं तीच, खिळे तेच. या वेळी कागदावर नातवाने लिहिलं. वर इंग्रजीत ‘द पेणकर्स’, खूण न देता. आणि खाली, कुणी सांगितलं नसताना, मराठीत: ‘पेणकरांचे घर’.

कारागिराला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने र कोरला, शेजारचा काना कोरला आणि पुढच्या अक्षराकडे वळला. नातवाने टेबलावर वाकून बोट ठेवलं आणि सांगितलं, "भय्या, इधर एक डॉट है. वो मत भूलना. वो नहीं दिया तो हम सब लोग एक हो जाएँगे."

आता ती पाटी त्या दारावर आहे. आमची चूक भिंतीच्या बाजूला आहे आणि नातवाचं अक्षर बाहेर.

मुलांसाठी थोडा सराव

उत्तरं खाली दिली आहेत. आधी हाताने झाकून ठेवा!

१. ‘माझ्या बहिणीची सायकल’ (बहीण एक). खूण कुठे?
२. ‘माझ्या बहिणींची खोली’ (बहिणी दोन). खूण कुठे?
३. ‘आजोबांची टोपी’ (आजोबा एक). खूण कुठे?
४. ‘पाच मांजरं’. खूण हवी का?
५. ‘मुलांची बाग’, चिल्ड्रन शब्द वापरून. खूण कुठे?
६. ‘दोन दिवसांचा प्रवास’. खूण कुठे?

उत्तरं: १. एसच्या आधी. २. एसच्या मागे. ३. एसच्या आधी, मराठीतलं टिंब मानाचं आहे. ४. नको, चा-ची-चे नाही. ५. चिल्ड्रननंतर खूण, मग एस. ६. डेज लिहून त्याच्या मागे.

आणि आजी-आजोबांनो, तुमच्यासाठी एकच सराव. नातवंड तुमची चूक दाखवील तेव्हा आधी पुस्तक उघडा, मग तोंड.